अंगठी नाकारणारा लेखक : जे. आर. आर. टॉल्किन यांची कीर्ती आणि जीवनदृष्टी

१९९७ साली ब्रिटनमधील वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्या कंपनीने चॅनल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीच्या साथीने वाचकांचा कौल घेतला. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पुस्तक कोणते, असा प्रश्न होता. पहिला क्रमांक ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मिळाला. सामान्य वाचकांना यात नवल वाटले नाही. साहित्याच्या अनेक जाणकारांना मात्र हा निकाल जिव्हारी लागला. जर्मेन ग्रीअर यांच्यासारख्या विदुषीने आपली नाराजी लपवली नाही. २००३ मध्ये बीबीसीने देशाची सर्वांत आवडती कादंबरी शोधण्याचा मोठा उपक्रम केला, तेव्हाही हेच पुस्तक अग्रस्थानी राहिले. लोकप्रियता आणि प्रतिष्ठा यांच्यात एवढे अंतर फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते.

हे अंतर केवळ अभिरुचीचे नाही. टॉल्किन यांना नाकारणाऱ्यांनी त्यांना वास्तवापासून पळणारा, भूतकाळात रमणारा लेखक ठरवले. त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना शौर्याचा आणि विजयाचा गायक मानले. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटली. टॉल्किन यांची कथा सत्ता मिळवण्याची नसून ती टाकून देण्याची आहे, आणि तिचा नायक अगदी शेवटच्या क्षणी हरतो. असे का, याचे बरेचसे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

पोरके बालपण

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. हे शहर ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाची राजधानी. याच प्रजासत्ताकाने १८९१ च्या कायद्याने आशियाई लोकांना तेथे व्यापार आणि शेती करण्यास बंदी घातली होती. टॉल्किन यांना या जन्मभूमीची आठवण अंधुकच राहिली. १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आल्या. आर्थर मागाहून येणार होते. परंतु फेब्रुवारी १८९६ मध्ये संधिज्वराच्या आजाराने त्यांचे आफ्रिकेतच निधन झाले.

मेबल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. पाणचक्कीची गिरणी, ओढा, मोठी झाडे आणि शेतकरी यांच्या सहवासात रोनाल्ड आणि धाकटा हिलरी यांची चार वर्षे गेली. पुढे हॉबिटांच्या शायर या प्रदेशाला जे रूप लाभले, त्याचे मूळ येथे आहे. मुलांना लॅटिन आणि वनस्पतींची ओळख आईनेच घरी करून दिली.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. प्रॉटेस्टंट नातेवाइकांना हे मुळीच रुचले नाही आणि त्यांना मिळणारी आर्थिक मदत थांबली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, मधुमेहाने त्यांचा मृत्यू झाला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून बराच अवधी होता. त्या वेळी रोनाल्ड बारा वर्षांचे होते. आईने श्रद्धेपायी प्राण वेचले, अशीच त्यांची आयुष्यभर भावना राहिली. त्यांच्या धर्मनिष्ठेची खोली आणि तिच्यातील हळवेपण या एका मृत्यूपाशी जाऊन पोहोचते.

बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन हे दोन्ही भावांचे पालक झाले. सोळाव्या वर्षी रोनाल्ड यांची ओळख एडिथ ब्रॅट या तीन वर्षांनी मोठ्या, त्यांच्यासारख्याच पोरक्या मुलीशी झाली. अभ्यास बिघडेल या काळजीने फादर मॉर्गन यांनी एकविसावे वर्ष लागेपर्यंत तिच्याशी संबंध ठेवण्यास मनाई केली. टॉल्किन यांनी ही आज्ञा पाळली आणि १९१३ च्या जानेवारीत, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच, एडिथना पत्र लिहिले. तोवर त्यांचे दुसरीकडे लग्न ठरले होते. ते मोडून त्यांनी टॉल्किन यांना होकार दिला. २२ मार्च १९१६ रोजी दोघांचा विवाह झाला.

सोमची रणभूमी

लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत टॉल्किन फ्रान्सला रवाना झाले. लँकेशायर फ्युझिलियर्सच्या अकराव्या बटालियनमध्ये ते संदेशवहन अधिकारी होते. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक जवान मारले गेले. त्यांत रॉब गिल्सन हा टॉल्किन यांचा शाळेपासूनचा मित्र होता. किंग एडवर्ड्स स्कूलमधील चार मित्रांनी साहित्य आणि कलेच्या ध्येयाने एक छोटे मंडळ स्थापले होते. त्यांपैकी जेफ्री बाख स्मिथ हा कवी डिसेंबरमध्ये तोफगोळ्याच्या जखमांनी दगावला. आपण मेलो तर आपल्याला जे सांगायचे राहिले ते मित्राने सांगावे, अशा आशयाचे पत्र स्मिथने टॉल्किन यांना पाठवून ठेवले होते. १९१८ मध्ये टॉल्किन यांनी मित्राच्या कविता प्रस्तावनेसह प्रकाशित केल्या. चौघांपैकी नौदलात असलेला ख्रिस्तोफर वाइजमन आणि टॉल्किन एवढे दोघेच युद्धातून परतले.

खंदकांतील उवांमुळे पसरणाऱ्या ज्वराने टॉल्किन यांना नोव्हेंबर १९१६ मध्ये इंग्लंडला परत आणले. त्या आजारपणात आणि नंतरच्या विश्रांतीच्या काळात त्यांनी आपल्या दैवतकथा लिहायला घेतल्या. वेढलेले आणि फितुरीने पडलेले एक सुंदर नगर हा त्यांतील अगदी आरंभीच्या कथेचा विषय. यॉर्कशरमधील एका रानात एडिथ त्यांच्यासमोर नाचल्या, त्या आठवणीतून ल्युथिएन ही अमर कन्या आणि तिच्यासाठी सर्वस्व पणाला लावणारा मर्त्य बेरेन यांची कथा उगवली. म्हणजे ज्या कल्पनासृष्टीला पुढे पलायनवादी म्हटले गेले, तिची पायाभरणी विसाव्या शतकातील एका अत्यंत भीषण लढाईतून आलेल्या तरुणाने केली होती. आपल्या कादंबरीतील सॅम हा साधा, निष्ठावान सोबती आपल्याला त्या युद्धात भेटलेल्या सामान्य शिपायांवरून सुचला, हे त्यांनी पुढे सांगितले आहे.

शब्दांतून कथा

टॉल्किन यांचा व्यवसाय भाषेचा होता. युद्धानंतर त्यांची पहिली नोकरी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कार्यालयात होती. डब्ल्यू या अक्षराच्या आरंभीचे काही शब्द, त्यांत वॉलरसची व्युत्पत्तीही, त्यांनी हाताळली. १९२० मध्ये ते लीड्स विद्यापीठात गेले, १९२५ मध्ये ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले, आणि १९४५ पासून १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या अध्यासनावर राहिले. प्राचीन इंग्रजीतील ‘बेओवुल्फ’ हे महाकाव्य इतिहासाच्या साधनापुरते वाचू नये, काव्य म्हणून वाचावे, असे प्रतिपादन त्यांनी १९३६ च्या व्याख्यानात केले. त्यानंतर त्या काव्याच्या अभ्यासाची दिशाच पालटली.

भाषा शिकून त्यांचे समाधान होत नसे. ते भाषा घडवत. घरामागून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणींवर लिहिलेली वेल्श गावांची नावे लहानपणी त्यांच्या मनात रुतली होती. ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना हाती लागलेल्या फिनिश व्याकरणाने त्यांना झपाटून टाकले. क्वेन्या या त्यांच्या कल्पित भाषेवर फिनिशची, तर सिंदारिनवर वेल्शची छाया आहे. भाषा बोलणारे लोक हवेत, त्या लोकांना इतिहास हवा, इतिहासाला भूगोल हवा, या क्रमाने मध्यपृथ्वी उभी राहिली. आधी भाषा आणि मग कथा, हा क्रम ते स्वतः आवर्जून सांगत. भाषा मेली की तिच्यातील जगही जाते, याची जाणीव त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे. गतकाळाची हुरहुर म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्याचा उगम बव्हंशी या व्यासंगात आहे.

‘द हॉबिट’ची सुरुवात मात्र अकस्मात झाली. उत्तरपत्रिका तपासताना एक कोरे पान आले आणि त्यावर त्यांनी हॉबिटाविषयी एक वाक्य लिहून टाकले. पुढे ही कथा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे पोहोचली. त्यांनी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिली आणि त्याच्या अभिप्रायासाठी एक शिलिंग मोजला. अभिप्राय अनुकूल आला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये पुस्तक निघाले. वाचकांना पुढचा भाग हवा होता. तो लिहिण्यास त्याच डिसेंबरात आरंभ झाला, पण लेखन संपायला १९४९ उजाडले. एव्हाना रेनर मोठा होऊन वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत आला होता. या प्रचंड ग्रंथात एक हजार पौंडांचा तोटा होऊ शकेल, असे त्याने वडिलांना कळवले. ग्रंथ थोर आहे असे वाटत असेल तर तोटा सोसावा, अशी वडिलांनी मुभा दिली. आगाऊ मानधन काही नाही, खर्च निघाल्यानंतर नफ्याचा निम्मा वाटा, असा करार झाला. १९५४ आणि १९५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत प्रसिद्ध झाले. तोट्याच्या भीतीने केलेला हा करार टॉल्किन यांना पुढे फार लाभदायक ठरला.

अंगठीचा अर्थ

कथानकाचा गाभा थोडक्यात असा : सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाची सर्वशक्तिमान अंगठी फ्रोडो या एका लहानखुऱ्या हॉबिटाकडे येते. ती वापरून शत्रूला हरवता येईल, असा मोह सर्वांसमोर उभा राहतो. गॅन्डाल्फसारखा ज्ञानी आणि गॅलाड्रिएलसारखी तेजस्वी राणी तिला हात लावण्याचे नाकारतात, कारण चांगल्या हेतूने वापरली तरी ती वापरणाऱ्याला दुष्ट करील, हे त्यांना ठाऊक असते. आपल्या नगराच्या रक्षणासाठी ती मागणारा शूर बोरोमिर मात्र तिच्यापायी ढासळतो. तेव्हा अंगठी जिथे घडली त्याच अग्नीत ती नष्ट करणे एवढाच मार्ग उरतो.

फ्रोडो अपार यातना सोसून तिथवर पोहोचतो आणि नेमका तिथेच त्याचा निर्धार संपतो. अंगठी टाकण्याऐवजी तो ती आपली म्हणतो. जग वाचते ते गॉलममुळे. अंगठीसाठी वेडावलेला हा जीव ती हिसकावतो आणि तिच्यासह अग्नीत कोसळतो. गॉलमला मारण्याची संधी बिल्बोला आणि फ्रोडोलाही मिळाली होती. दोघांनीही दया दाखवली होती. पराक्रम अपुरा पडतो आणि पूर्वी केलेली दया कामी येते, असा या कथेचा निर्णय आहे. मानवी इतिहास हा दीर्घकाळ चाललेला पराभव असून अंतिम विजयाची त्यात अधूनमधून केवळ झलक दिसते, असे टॉल्किन यांनी एका पत्रात लिहिले होते. ही दृष्टी कॅथलिक श्रद्धेतून आली आणि सोमच्या अनुभवाने ती पक्की केली.

विजयानंतरही फ्रोडोच्या जखमा भरत नाहीत. घरी परतल्यावर शायरमध्ये झाडे तोडलेली, जुनी गिरणी पाडून धूर ओकणारी नवी उभारलेली, आणि शेजाऱ्यांचेच रूपांतर दंडेली करणाऱ्या अंमलदारांत झालेले दिसते. हे प्रकरण महायुद्धोत्तर इंग्लंडचे रूपक असल्याचे टॉल्किन यांनी अमान्य केले; बालपणीचा परिसर डोळ्यांदेखत उजाड झाला, तो अनुभव त्यामागे असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ मधील चित्रपटांनी हे प्रकरण वगळले. तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात युद्धे ठसली. युद्धानंतरची पडझड पुस्तकातच राहिली.

अंगठी म्हणजे अणुबाँब, हे समीकरणही टॉल्किन यांना मान्य नव्हते. पण सत्तेविषयीचा त्यांचा संशय कथेपुरता नव्हता. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलात होता. त्याला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बजावले आहे की प्रत्यक्षातील युद्धात दोन्ही बाजूंना ऑर्क असतात, आणि सॉरॉनला त्याच्याच अंगठीने जिंकू पाहणारे अखेरीस नवे सॉरॉन निर्माण करतात. ऑगस्ट १९४५ मध्ये अणुबाँबची बातमी आली तेव्हा विजयाच्या आनंदापेक्षा ते शास्त्र घडवणाऱ्यांच्या अविवेकाने ते अधिक अस्वस्थ झाले.

‘आर्य’ या शब्दावरून

१९३८ मधील एक प्रसंग भारतीय वाचकांना विशेष लक्षणीय वाटेल. पॉट्सडॅममधील एका प्रकाशनसंस्थेला ‘द हॉबिट’चा जर्मन अनुवाद काढायचा होता. नाझी कायद्यांच्या धाकात तिने टॉल्किन यांच्याकडे ते आर्यवंशीय आहेत काय, अशी विचारणा केली. टॉल्किन संतापले. त्यांनी आपल्या इंग्रज प्रकाशकाकडे उत्तराचे दोन मसुदे पाठवले. उपलब्ध असलेल्या मसुद्यात त्यांनी भाषातज्ज्ञाच्या काटेकोरपणाने दाखवून दिले की आर्य या शब्दाचा अर्थ भारतीय-इराणी असा होतो, आणि आपले पूर्वज हिंदुस्थानी, फारसी किंवा त्यांच्या जवळची कोणतीही भाषा बोलत असल्याचे आपल्याला माहीत नाही. विचारणारा ज्यूंविषयी विचारत असेल, तर त्या प्रतिभावान समाजात आपले पूर्वज नसल्याचा आपल्याला खेदच वाटतो, असेही त्यांनी लिहिले. या हिशेबाने पाहता, त्या प्रकाशकाला अभिप्रेत असलेल्या आर्यत्वावर बर्लिनकरापेक्षा मराठी बोलणाऱ्याचा हक्क अधिक ठरतो. नाझींनी उत्तरेकडील लोकांचा जो प्राचीन वारसा टॉल्किन यांनी जन्मभर जपला तोच नासवला, हा त्यांचा हिटलरवरचा वैयक्तिक रोष होता. १९५९ मध्ये ऑक्सफर्डचा निरोप घेताना केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या जन्मभूमीतील वर्णविभाजनाविषयीचा तिटकाराही बोलून दाखवला.

प्रतिमेतील उणेपणा

एवढ्याने त्यांच्यावरील सारे आक्षेप निकाली निघत नाहीत. त्यांच्या कथेत सॉरॉनच्या बाजूने लढणारी माणसे पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात आणि ती बहुधा सावळी आहेत. १९५८ मधील एका पत्रात ऑर्कांचे रूप सांगताना त्यांनी मंगोल चेहरेपट्टीचे विकृत वर्णन केले आहे. ते आज वाचवत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात चर्च आणि पाद्री यांच्यावर झालेल्या हल्ल्यांमुळे त्यांची सहानुभूती फ्रँकोच्या बाजूला झुकली होती. त्यांच्या कादंबरीत स्त्रिया मोजक्याच आहेत. एओविनसारखे ठसठशीत पात्र हा अपवाद. प्रत्यक्ष संसारातही ऑक्सफर्डच्या विद्वान पुरुषांच्या वर्तुळात एडिथ एकाकी पडल्या होत्या. सी. एस. लुईस आणि इंकलिंग्ज या मित्रमंडळात टॉल्किन यांचा जो वेळ जाई, त्यात पत्नीला जागा नव्हती.

तरीही याच लेखकाने एका मेलेल्या दाक्षिणात्य सैनिकाकडे पाहताना सॅमच्या मनात प्रश्न उभा केला आहे : हा खरोखर दुष्ट होता, की खोट्या आश्वासनांनी किंवा धमक्यांनी घरापासून इतका लांब आणला गेला होता? आणि ऑर्कांच्या प्रश्नाने तर टॉल्किन यांना अखेरपर्यंत सोडले नाही. एक संपूर्ण जमात जन्मतःच उद्धारापलीकडे कशी असू शकेल? त्यांच्या श्रद्धेला हे मान्य होणे शक्य नव्हते, आणि कथेला तर मारण्यासाठी असा शत्रू हवा होता. ऑर्कांच्या उत्पत्तीचे एकामागून एक खुलासे त्यांनी लिहून पाहिले; एकही त्यांना पटला नाही. दयेवर उभ्या असलेल्या कथेतच दयेला न पोहोचणारी जमात असावी, ही अडचण सर्वांआधी लेखकालाच सलत होती.

कीर्तीचे वारसदार

१९५६ मध्ये अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी ही कादंबरी बाळबोध ठरवून निकालात काढली. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी तितक्याच ठामपणे तिची बाजू घेतली. १९६१ मध्ये लुईस यांनी टॉल्किन यांचे नाव नोबेलसाठी सुचवले. स्वीडिश अकादमीने त्यांचे गद्य कमी दर्जाचे मानून ते बाजूला सारले, असे पन्नास वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांतून समजले. पलायनवादाच्या आरोपाला टॉल्किन यांनी आधीच, १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील परीकथांवरील व्याख्यानात, उत्तर दिले होते. तुरुंगातील कैद्याने घराचा विचार करणे आणि शिपायाने रणातून पळणे या दोन गोष्टी टीकाकार एकच समजतात, असा त्यांचा मुद्दा होता.

१९६५ मध्ये कॉपीराइटमधील पळवाटेचा फायदा घेऊन अमेरिकेतील एका प्रकाशकाने परवानगीविना स्वस्त आवृत्ती काढली. तिच्यावरून वाद पेटला, पाठोपाठ अधिकृत स्वस्त आवृत्ती आली आणि पुस्तक विद्यापीठांच्या आवारांत पसरले. युद्धविरोधी, निसर्गप्रेमी तरुणांनी ते आपले मानले. १९७७ मध्ये इटलीतील नवफॅसिस्ट पक्षाच्या तरुणांनी आपल्या मेळाव्याला हॉबिटांचे नाव दिले. एकाच पुस्तकावर दोन टोकांच्या लोकांनी हक्क सांगितला. त्यातील अंगठी नाकारण्याची अट मात्र क्वचितच कोणी मनावर घेतली. टॉल्किन स्वतः कोणत्याच झेंड्याखाली बसणारे नव्हते. दुसऱ्यावर अधिकार गाजवणे हे बहुतेकांना न पेलणारे काम आहे आणि ज्याला त्याची हौस आहे त्याला तर मुळीच नाही, हे त्यांचे राजकारणाविषयीचे मत.

१९६८ मध्ये ते एडिथच्या सुखासाठी ऑक्सफर्ड सोडून बोर्नमथला राहायला गेले. तेथे तिला मैत्रिणी मिळाल्या, ते मात्र आपल्या विद्वान मित्रांना दुरावले. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिथ गेल्या. टॉल्किन ऑक्सफर्डला परतले; १९७२ मध्ये त्यांना सीबीई हा राजसन्मान आणि विद्यापीठाची मानद डॉक्टरेट मिळाली. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांची एकच समाधी आहे. एडिथच्या नावाखाली ल्युथिएन आणि त्यांच्या नावाखाली बेरेन असे कोरलेले आहे.

तरुणपणी सुरू केलेल्या दैवतकथा त्यांनी पुरत्या केल्याच नाहीत. ख्रिस्तोफर यांनी त्या संकलित करून १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ प्रसिद्ध केले आणि पुढे बारा खंडांत वडिलांचे खर्डे अभ्यासकांसमोर ठेवले. या खर्ड्यांतून दिसणारा टॉल्किन चित्रपटांतील रणगर्जनांपासून फार दूर आहे : एकच कथा पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा लिहिणारा, शब्दाच्या मुळाशी जाणारा, आपल्याच निर्मितीला नैतिक प्रश्न विचारून अडणारा. ज्यांनी त्यांना बालिश म्हटले त्यांनी फ्रोडोचा पराभव वाचला नाही, आणि ज्यांनी त्यांना विजयाचा ध्वज केले त्यांनीही तो वाचला नाही. चांगला माणूससुद्धा सत्तेपुढे मोडू शकतो. म्हणून ती कोणाच्याच हाती अमर्याद असू नये, आणि मोडलेल्या माणसालाही दया मिळावी, एवढेच त्यांना सांगायचे होते. ते सांगण्यासाठी त्यांनी भाषांसह एक संपूर्ण जग रचले.